लाईट आल्यावर

खुटबाव, ४ नोव्हेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून तू ओळखलं असशीलच, आणि कदाचित न वाचता फाडलंही असशील. फाडलं नसशील तर पुढं वाच. तुझा शिरूरचा पत्ता तुझ्या मैत्रिणीनं, प्रांजलनं दिला. तिला बोलू नकोस, मी हात धुऊन तिच्या मागं लागलो होतो. फोन नंबर मात्र तिनं काही केल्या दिला नाही. तुझं नाव घेऊन म्हणाली, स्वप्नालीनं शपथ घातलीय. बरोबर आहे तुझं. लग्नानंतर आपल्या भावकीनं तुला फोनवर जे ऐकवलं, ते मला कुणी ऐकवलं असतं तर मीही नंबर बदलला असता. म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर मास्तर माझ्याकडं बघतच राहिला. लग्न ठरलं का, म्हणाला.

घरचं सांगतो. तात्या होते तसे आहेत. आई होती तशी आहे. तुझं नाव घरात काढायचं नाही हा तात्यांचा कायदा अजून चालू आहे आणि आई तो पाळते. दिवाळीत मात्र तिनं करंज्यांचा एक डबा वेगळा भरून फळीवर ठेवला होता. कुणासाठी ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. शेवटी मीच खाल्ल्या.

खरी बातमी वेगळीच आहे. आपलं गुऱ्हाळ सुरू झालं आणि यंदा त्यात माझी पेटी बसली. स्वतः बनवलेली. तुला गुऱ्हाळ सांगायला नको, पण दाजी वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो. धम्मदीपरावांना दाजी म्हटलेलं चालेल ना? ऊस पिळायचा चरक एका टोकाला, रस उकळायची काहिल दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये एवढा आवाज की काहिलीजवळून गेणबा गुळव्यानं कितीही बोंब मारली तरी चरकावरच्या माणसाला ऐकू जात नाही. रसाची टाकी भरून वाहायची, गेणबा दिवसभर शिव्या द्यायचा. आता गेणबाच्या हाताशी दोन बटणं आहेत. हिरवं दाबलं की चरक चालू, लाल दाबलं की बंद. तशीच दोन चरकाजवळही. बोट उचललं तरी शेवटी कुठलं बटण दाबलं होतं ते पेटी लक्षात ठेवते, आणि त्या रंगाचा दिवा वर जळत राहतो.

लक्षात कशी ठेवते ते तूच शिकवलंस. तू डिप्लोमाला होतीस, मी दौंडला आयटीआयत वायरमन करत होतो आणि फ्लिपफ्लॉप, म्हणजे एक गोष्ट लक्षात ठेवणारं सर्किट, काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. ओट्यावर शेंगा फोडता फोडता तू म्हणालीस, संप्या, आपले तात्या आणि आई बघ. तात्या बोलतात म्हणून आई गप्प. आई गप्प म्हणून तात्या बोलत राहतात. मध्ये कुणी पडलं नाही तर हे असंच चालणार. आता समज, कुणी क्षणभर तात्यांच्या तोंडावर हात ठेवला. आई बोलायला लागेल. आणि ती एकदा बोलायला लागली की हात काढून घेतला तरी तात्यांना तोंड उघडता येणार नाही, कारण आता ती बोलतेय. दोन गेट घ्यायचे, म्हणजे हो किंवा नाही एवढंच बोलणारे सर्किटचे दोन भाग, याचं तोंड त्याच्या कानाला आणि त्याचं तोंड याच्या कानाला. झाला एक बिट साठवून. मी इतका हसलो होतो की आतून तात्यांनी विचारलं, काय चाललंय रं. आणि आपण दोघंही गप्प झालो.

तुझ्या कंपनीत तू रोज असली सर्किटं तपासतेस, तुला या पेटीचं काय कौतुक. तरी सांगावंसं वाटलं. कासुर्डीहून दोघं जण मुद्दाम बघायला येऊन गेले. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण पेटी बरी झालीय एवढं म्हणालीस तर बरं वाटेल.

तुझा
संपत


खुटबाव, १९ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. 'रीसेट लावलास का?' संपलं. इतक्या दिवसांनी भावानं पत्र लिहिलं तर माणूस आधी बरा आहेस का विचारतं.

बरा आहे. आणि रीसेट लावला नाही, कारण गरज पडली नाही. दाजींसाठी पुन्हा सांगतो, रीसेट म्हणजे दोन बारीक भाग, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. लाईट आल्या आल्या ते पेटीला क्षणभर 'बंद'वर दाबून धरतात, म्हणजे लाईट गेली तेव्हा काय चालू होतं याच्याशी संबंध नको, आल्यावर पेटी बंदच असणार. पुस्तकात हे लागतंच. पण मी पुस्तकावर विसंबलो नाही, करून बघितलं. अख्खी दुपार मेन स्विच वर-खाली करत होतो. दर वेळी लाल. एकदाही हिरवा लागला नाही. जी पेटी आपणहून लाल लागते, तिला आणखी लाल कशाला करायचं?

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतंय. लाईट गेल्यावर चरकात हात घालायची आपल्याकडची सवय. ती काही मोडणार नाही. रुळांच्या मध्ये चिपाडं अडकतात, चरक जड होतो, आणि काम चालू असताना थांबायला कुणाला वेळ आहे. लाईट गेली की सगळे आयतेच रिकामे, मग हात घालून ओढून काढायचं. तात्या म्हणतात, लाईट गेली म्हणजे देवानंच चरक थांबवला. जुना स्टार्टर लाईट गेली की पडायचा आणि कुणी बटण दाबल्याशिवाय उठायचा नाही, म्हणून कधी काही झालं नाही. आता त्या स्टार्टरला माझी पेटी हुकूम सोडते. पेटीही लाईट आल्यावर बंदच असते. मग फरक काय राहिला?

यंदा चरकावर महेंद्र आहे. उत्तर प्रदेशातला, तिकडच्या गुऱ्हाळांवर वाढलेला. बोलतो कमी, हात चलाख. मला इंजिनियरभैया म्हणतो. तू कधी म्हणाली नाहीस.

भांडगावच्या पुतळाबाईंनीही पेटी मागितलीय, कडबाकुट्टीसाठी. बाई एकटी, दावणीला म्हशी, आणि कुट्टीचं मशिन गोठ्यात एका कोपऱ्यात तर स्टार्टर दुसऱ्या कोपऱ्यात. त्यांची पेटी करायला घेतलीय.

संपत


खुटबाव, ८ डिसेंबर

ताई,

या वेळी चांगलं चार पानी पत्र पाठवलंस. मागच्या बाजूला दाजींनी दोन ओळी लिहिल्यात, त्यांना माझा नमस्कार सांग. अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे.

तुझं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. तू म्हणतेस, दोन गेट एकाच घाण्यातून निघालेले असले तरी कधी सारखे नसतात. एक दुसऱ्यापेक्षा नखभर पुढं असतो. लाईट नसते तेव्हा तात्याही गप्प आणि आईही गप्प. लाईट आली की दोघं एकदम तोंड उघडणार, आणि ज्याचा आवाज आधी फुटला तो जिंकला. माझ्या पेटीत एकाच गेटचा आवाज दर वेळी आधी फुटतो म्हणून लाल लागतो. मी सांगितलंय म्हणून नाही. मग तू विचारलंस, आणि एखाद्या दिवशी तात्यांचा घसा बसला असला तर? थंडी पडली, विजेचा दाब कमी आला, लाईट धड न येता अडखळत आली, तर पारडं दुसऱ्या बाजूला जाईल. "पेटीचा तो कल आहे, संप्या. कल म्हणजे वचन नव्हे." हे वाक्य तू खाली रेघ मारून लिहिलंस. रेघ मारायची तुझी खोड गेली नाही.

पत्रातून पाठवलेली पुडी मिळाली. दोन रेझिस्टर, दोन कपॅसिटर, आणि कुठं जोडायचं त्याचं चित्र. माझ्यासारख्या वायरमनला चित्र काढून दाखवायची गरज नव्हती, तरी आभार. पुडी पेटीशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवलीय.

लावतो, पण लगेच नाही. पेटीला रसाचा ओलावा लागू नये म्हणून मी ती सगळीकडून सील केलीय, फोडावी लागेल. चरक थांबला की काहिलीखालचा जाळ फुकट जातो आणि गेणबा माझे पूर्वज काढतो. अमावस्येला गुऱ्हाळ बंदच असतं, त्या दिवशी बसून लावतो. पुतळाबाईंची पेटी मागच्या आठवड्यात बसवून आलो. तिच्यातही रीसेट नाही. दोन्हींचं काम एकदमच उरकतो. शब्द दिला.

तात्यांना आत्ताच सांग म्हणतेस. काय सांगू? पेटीत खोट आहे, असं मी म्हणालो की ते विचारणार, तुला कुणी सांगितलं. आणि पेटीत तुझं डोकं आहे हे कळलं तर पेटी उकिरड्यावर आणि तिच्यामागं मी. गेल्या आठवड्यात त्यांनी पाहुण्यांना चरकाजवळ नेऊन सांगितलं, हे आमच्या संपतनं केलंय. आज्या मेंढरं घेऊन फिरला, मी मातीत राबलो, ह्यो मशिनी बनवतो. तात्या माझ्याबद्दल असं बोलताना तू तरी कधी ऐकलंस का? थोडे दिवस राहू दे.

संपत


खुटबाव, २७ डिसेंबर

ताई,

अमावस्या हुकली. भावकीतला दहावा निघाला कासुर्डीला, तात्या म्हणाले चल, आणि तिथंच आणखी एका पेटीचं बोलणं झालं. संध्याकाळी आलो तो दमून पडलो. पुढच्या अमावस्येला नक्की.

इथं कडाक्याची थंडी आहे. सकाळी दहापर्यंत शेकोटी सोडवत नाही. गव्हाला पाणी द्यायचे दिवस, त्यामुळं सगळ्यांनी विहिरीच्या मोटरी ऑटोवर टाकून ठेवल्यात. लाईट आली की साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठतात, दाब खाली बसतो, लाईट परत जाते, परत येते.

एक किरकोळ गोष्ट झाली. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर आली तर उगीच घाबरशील, म्हणून मीच लिहितो. गुरुवारी सकाळी लाईट गेली, महेंद्र चिपाडं काढत होता. लाईट आली आणि चरक फिरला. त्याच्या खांद्यावरचा गमछा आत ओढला गेला. त्यानं गळ्यातून झटका देऊन सोडवला म्हणून बरं, माणसाला काही झालं नाही. मानेवर एक वळ उठला तेवढाच. गमछा मात्र चिपाडांबरोबर निघाला.

आता चालू असलेल्या गुऱ्हाळात कुणाचा धक्का बटणाला लागू शकतो. तिथं चार माणसं ये-जा करतात. गेणबा म्हणतो त्याचे दोन्ही हात झाऱ्यावर होते, पण गेणबा साठीचा आहे, त्याला काय आठवणार. महेंद्र एकच धरून बसला होता. "भैया, हमने नहीं दबाया. अपने आप चली." चार जणांसमोर चार वेळा तेच. मला म्हणाला, भैया, आप तो जानते हो.

तात्यांनी मला विचारलं, पेटी बिघडली का. मी म्हणालो, नाही. आणि ते खोटं नाही, ताई, पेटी बिघडलेली नव्हती. मग कुणीतरी दाबलंच असणार, असं तात्या म्हणाले. मी गप्प राहिलो. तात्यांनी महेंद्रला काढून टाकलं. म्हणाले, वर तोंड करून खोटं बोलणारा माणूस चरकावर नको. त्यानं बोचकं बांधलं आणि चौफुल्याच्या दिशेनं चालत गेला. जाताना आईच्या पाया पडला, माझ्याकडं बघितलं नाही.

दुपारी मी परत मेन वर-खाली करून बघितला. प्रत्येक वेळी लाल. ऊन पडलं होतं तेव्हा. काळजी करू नकोस.

संपत


खुटबाव, ५ जानेवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मी रागानं चुरगाळून टाकलं, मग परत उचलून वाचलं. मी माणूस मारायला बसलोय असं लिहिलंस. ज्या घटकेला हे पत्र मिळेल त्या घटकेला पेटी काढ, नाहीतर मी स्वतः येऊन काढते, असं लिहिलंस. येऊ नकोस. खुटबावात तू पाऊल टाकलंस तर काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भावकीतली दोन टाळकी अजून तुझ्या नावानं दात खातात. आणि चरकावर आता तात्या स्वतः असतात.

हो. ऐन हंगामात माणूस मिळत नाही. तात्या म्हणाले, कशाला पाहिजे माणूस, मी हाय की. खूश आहेत ते. आज्याची जुनी घोंगडी पांघरून चरकाशी बसतात आणि ऊस सारतात. घोंगडीचं एक टोक सारखं लोंबत असतं. मी म्हणालो खोचून घ्या, तर म्हणतात थंडी वाजती.

मी प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. परवाच त्यांना म्हणालो, तात्या, लाईट गेली तरी हात घालत जाऊ नका. त्यांनी ऊस सारता सारता विचारलं,

"लाईट गेल्यावं न्हाई घालायचा, तर मंग कवा घालायचा? चालू असताना?"

गेणबा हसला. मग मीही हसलो. खरं कारण सांगायचं तर महेंद्रचं सगळं उकरावं लागणार. तो खरं बोलत होता आणि मला ते ठाऊक होतं, हे चार जणांत सांगायचं. तात्या ज्या पेटीवर हात ठेवून पाहुण्यांशी बोलतात त्याच पेटीबद्दल. ताई, जीभ उचलत नाही. तू त्यांना एकदा तोंडावर उत्तर दिलंस आणि घरातून गेलीस. मला इथंच राहायचंय.

लाईट गेली की निदान मेन तरी खाली पाडत जा, असं तू लिहिलंस. पाडतो. मी असलो की पाडतो. आईलाही सांगून ठेवलंय, मी नसलो तर तू पाड म्हणून. का, ते तिनं विचारलं नाही. पण पेटीशेजारची पुडी बोटानं हलवून बघितली.

अठरा तारखेला अमावस्या आहे. त्या दिवशी मी कुठंही जाणार नाही. सकाळी उठून पहिलं ते काम.

संपत


खुटबाव, १८ जानेवारी

ताई,

आज अमावस्या. गुऱ्हाळ बंद आहे. ते सोमवारपासूनच बंद आहे.

प्रांजलनं तुला अर्धंमुर्धं सांगितलंच असेल. तात्यांचा उजवा हात कोपरापासून गेला. जीव वाचला. दौंडला दवाखान्यात आहेत. डॉक्टर म्हणतात, धोका टळला.

मी तिथं नव्हतो. कासुर्डीच्या पेटीचं सामान आणायला केडगावला गेलो होतो. सकाळची वेळ होती, धुकं होतं. लाईट गेली. आई चहा घेऊन घरातून निघाली होती, मेन पाडायला ती पोचायच्या आत तात्यांनी हात घातला होता. लाईट आली, गेली आणि परत आली. आईनं कपबशा टाकल्या, धावत जाऊन लाल बटण दाबलं. चरक तिथल्या तिथं थांबला. लाल दाबल्यावर पेटीनं कधी ऐकलं नाही असं झालेलं नाही, ताई. तेवढं काम मी चोख केलं होतं. रूळ उलटे फिरवून हात सोडवायला गेणबाला वेळ लागला. तोवर आई तात्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

दवाखान्यात भावकी जमली. कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी आहे, कुणी म्हणालं महेंद्र जाताना काहीतरी करून गेला असणार. दोघं तर त्याला शोधायला निघालेच. तेव्हा आई मला हाताला धरून बाहेर पायऱ्यांवर घेऊन गेली.

"ती खिळ्यावरची पुडी कसली हाय, संपत?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. तुझी पत्रं, तात्यांचा घसा, महेंद्रचा गमछा, दुपारी उन्हात मी पुन्हा पुन्हा बघत बसलेला लाल दिवा. मी रडत होतो. ती रडत नव्हती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, भांडगावच्या बाईच्या पेटीत हाय का पुडी? मी म्हणालो, नाही.

"मंग हितं काय बसलायस?"

आईनं मला असं कधी विचारलेलं तुला आठवतं? मला नाही. तशीच ती आत गेली. महेंद्रला शोधायला निघालेल्या त्या दोघांना तिनं वॉर्डच्या दारातच अडवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक आपल्या घरची आहे, त्या माणसाच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. हे मी जिना उतरता उतरता ऐकलं.

पुतळाबाईंचा फोन लागत नव्हता. मी गाडी काढली. दौंडहून भांडगावला कसा पोचलो ते मला आठवत नाही. गोठ्यात शिरलो तर पंखा बंद, रेडिओ बंद. लाईट गेलेली. आणि बाई कुट्टीच्या तोंडाशी उकिडव्या बसून, खांद्यापर्यंत हात आत घालून, पात्यात अडकलेलं कडवळ ओढत होत्या. मी ओरडलो, हात काढा. त्यांना वाटलं मला काहीतरी चावलं. मी त्यांना मागं ओढलं, मोटरची वायर उपटली आणि तिथंच शेणात बसलो. बाई म्हणाल्या, "आरं, लाईट न्हाई, मग ओरडतूयास कशापायी?"

पेटी तशीच जोडलेली होती. मी म्हणालो, थांबा, लाईट येऊ द्या. आम्ही दोघं त्या दिव्याकडं बघत बसलो. किती वेळ बसलो कुणास ठाऊक, म्हशींच्या पाण्याची वेळ होऊन गेली. मग पंखा थोडा फिरला, थांबला, रेडिओ खरखरला, परत बंद. आणि मग लाईट आली.

हिरवा लागला.

कुणी बटणाजवळ नव्हतं. मी नव्हतो, बाई नव्हत्या. हिरवा लागला आणि शांतपणे जळत राहिला. बाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग आपल्या हाताकडं बघितलं. हात पदरात गुंडाळून घेतला आणि आत निघून गेल्या. मी पेटी उचलून घेऊन आलो. कासुर्डीची अजून जोडलेली नव्हती, ती माझ्या मांडणीवरच फोडली.

महेंद्रचा फोन बंद आहे. राहू गावाच्या बाजूला कुठल्याशा गुऱ्हाळावर आहे असं कळलंय. उद्या जातो. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. तो ऐकून घेईल असंही नाही.

तात्या शुद्धीवर आल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत. पेटीबद्दल आईनंच त्यांना सांगितलं, तुझ्या पत्रांसकट. मी दाराशी उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, वर पंख्याकडं बघत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काल वॉर्डात भावकी बसलेली असताना आई म्हणाली, माझी लेक आन् जावई येणार हायत, ज्याला बघवत न्हाई त्यानं आत्ताच उठावं. दोघं उठले. तात्यांनी तोंड उघडलं, आईकडं बघितलं आणि मिटलं. मला तुझा ओटा आणि शेंगा आठवल्या. हात काढून घेतला तरी ती बोलतच राहील, असं तू म्हणाली होतीस. तात्यांना गप्प करायला काय लागेल, हे तेव्हा आपल्या दोघांच्याही मनात आलं नव्हतं.

ये, ताई. दाजींना घेऊन ये. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे केडगावला आलीस की मी न्यायला थांबतो. मागच्या पानावर माझा नंबर आहे, तुझा मागत नाही.

आज सकाळी मी चरकाजवळ गेलो होतो. रुळांच्या मध्ये त्या दिवशीची चिपाडं तशीच अडकलेली आहेत, आणि त्यांत घोंगडीचे धागे. गेणबा म्हणतो, हे काढून चरक धुवायला पाहिजे, तसं ठेवू नये. पेटी काढलीय. मोटरचा पट्टा उतरवलाय. मेनचे फ्यूज माझ्या खिशात आहेत, हे लिहितानाही आहेत. तरी माझा हात आत जात नाही.

संपत